डोळा बांधणाऱ्याचा आवाज

"मी सध्या झाडांना पाणी देत आहे," असं प्रणालीचे वडील बापूजी म्हणाले, आणि तिनं ज्या माणसाला आधीच एक कार्ड दिलं होतं त्यालाच दुसरं दिलं. बोलणं काही विशेष नव्हतं. मुंबईहून आलेल्या हिमानीनं सहज विचारलं होतं, "काका, सध्या काय चाललंय?" या हिमानीच्या हो-नाहीवर प्रणालीचा माहितीपट लोकांच्या घरी पोचणार होता, नाहीतर हार्डडिस्कमध्ये पडून राहणार होता, त्यामुळे तिनं विचारलेलं सहजसुद्धा सहज नसायचं. काकांनी उत्तर दिलं, एवढंच. पण पंचाहत्तर वर्षांत बापूजींनी झाडांना पाणी कधी 'देत आहे' म्हणून दिलं नव्हतं. ते झाडाले पानी देऊन राहत. त्यांचे वडीलही देऊनच राहिले. त्यांच्या बोरगावात कुणी 'देत आहे' म्हणाला तर तो चौकशीला आलेला साहेब असायचा. आणि आता बापूजी नव्या चपला घालून चालावं तसा एकेक शब्द जपून टाकत होते, वाक्य संपल्यावर हलकेच मुलीकडे बघत होते, बरोबर आलं ना, असं. हिमानी म्हणाली, "किती शुद्ध बोलतात गं तुझे बाबा! अगदी फिल्ममधल्यासारखं." मग ती पुढच्या टेबलाकडे गेली.

पांढुर्ण्याबाहेरच्या एका लग्नाच्या लॉनवर हा सिनेमावाल्यांचा मेळावा भरला होता. या भागात एका मालिकेचं शूटिंग होऊन गेल्यापासून इथल्या चार हौशी मंडळींना वाटू लागलं होतं की मुंबई, भोपाळ, इंदूरचे लोक बोलवावेत, आपली नदी दाखवावी, आपल्या बागा दाखवाव्यात. त्यांनी बोलावलं आणि नवल म्हणजे लोक आले. स्टेजवरची लग्नाची कमान काढायची राहून गेली होती, म्हणून जो तो दिग्दर्शक नवरदेवासारखा फुलांच्या महिरपीत उभा राहून आपल्या कलाकृतीबद्दल बोलत होता. दोन्ही बाजूंना साटिनचे कपडे चढवलेली टेबलं, दर टेबलावर एक माहितीपट आणि एक टोपली संत्री. प्रणालीच्या टेबलावर 'डोळा' अशी पाटी होती. सकाळपासून सहा जणांनी तिला विचारलं, की इथलीच ना तुम्ही, मग गोटमारीवर का नाही केली फिल्म, केवढी दगडफेक होते म्हणे. सहाही जणांना तिनं हसून एकच उत्तर दिलं. हसून तेच उत्तर देणं हा तिचा तीन वर्षांचा व्यवसाय होता. पुणे, गोवा, कोची, पुन्हा मुंबई. गळ्यात नावाचं कार्ड, हातात कोमट कॉफी, आणि समोरच्या माणसाची नजर आपल्या खांद्यावरून कुणा मोठ्या माणसाला शोधते आहे हे दिसत असताना दोन मिनिटांत आपला बाप त्याला समजावून सांगायचा. आता तो बाप स्वतःच टेबलामागे बसला होता, इस्त्रीचं धोतर, नवा स्वेटर, दोन्ही हात मांडीवर. बघणाऱ्याला वाटावं, फोटो काढायला बसवला आहे.

तिच्या लक्षात यायला हवं होतं. फोनवर गेले अकरा महिने हेच चाललं होतं. "मी ठीक आहे. तू कशी आहेस?" पहिल्यांदा तसं ऐकलं तेव्हा तिला वाटलं, शेजारी कुणी परका बसला असेल, त्याच्यासमोर बाबा अंग चोरून बोलताहेत. दुसऱ्यांदा वाटलं, सर्दी असेल. माणसाला एखादी गोष्ट पटू द्यायची नसली की सर्दीसुद्धा पुरते. पूर्वी फोन उचलताच ते ओरडायचे, "काय वो माय, जेवली काय? का अजूक काम करूनच राहिली?" आणि ती फोन घेऊन ऑफिसच्या गच्चीवर पळायची, दार लोटून घ्यायची आणि हळू आवाजात म्हणायची, "हाव बाबा, जेवून राहिली." गच्चीवर का, तर खाली कुणी ऐकू नये म्हणून. वीस वर्षं ती बापाशी गच्चीवरून बोलत आली. अलीकडे गच्चीवर जावं लागत नव्हतं. जागच्या जागी, सगळ्यांसमोर, मान वर करून बोलता येत होतं. खरं सांगायचं तर त्याचं तिला बरंच वाटलं होतं, आणि हे तिला आज, टेबलामागं उभं असताना आठवलं.

गच्चीची सवय पुण्याची. कॉलेजच्या वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, "थांब ना, मी जेवण करून राहिली." खोलीतली मुलगी म्हणाली, "करून राहिलीस? कुठे राहिलीस?" खोली हसली, मग मजला हसला, मग महिनाभर ती दिसली की कुणीतरी विचारायचं, कुठे राहिलीस? तिनं बोरगावला फोन करून रडून घेतलं. बापूजी म्हणाले, "हसतीन त्याहिचे दात दिसतीन. तू कायले रडून राहिली? आपलं बोलनं काय चोरून आनलं काय आपन?" बोलणं चोरून आणलं नव्हतं हे खरंच, पण सहा महिन्यांत तिनं ते उतरवून ठेवलं, पावसात भिजलेले कपडे उतरवतो तितक्या घाईनं. नंतर कुणी गाव विचारलं की ती 'नागपूरजवळ' म्हणायची. सौंसर तालुका म्हटलं की लोक विचारत, म्हणजे मध्य प्रदेश? मग तुमच्या घरी हिंदी बोलतात का? तिला वाटे, हिंदीच बोलत असते तर फार बरं झालं असतं.

आणि तरी सिनेमा करायचा म्हटल्यावर तिला बापच आठवला. संत्र्याच्या चांगल्या झाडाच्या काडीवरला डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, सालीसकट अलगद काढायचा आणि जंबेरी लिंबाच्या रोपाच्या सालीत चीर देऊन तिथे बसवून बांधायचा, हे काम बापूजींच्या हातासारखं त्या पट्ट्यात कुणाचं नव्हतं. लोधीखेड्यापासून तिगावपर्यंत कित्येक बागा त्यांच्या बोटांखालून गेलेल्या. तिनं तीन हिवाळे त्यांचं शूटिंग केलं. दुसऱ्या हिवाळ्यात, एका सकाळी, वाफ्यात उकिडवे बसून काम करता करता ते आपोआप बोलू लागले. समोर कॅमेरा होता, कॅमेऱ्यामागे मुलगी होती, पण ते दोघांशीही बोलत नव्हते, रोपाशी बोलत होते. "त्या वर्षी झाडाची साल मस्त सुटून राहिली होती. चार दिवस सुटते, मंग चिकटते. डॉक्टर म्हने नागपूरले न्या. मी म्हन्लं, आजची ओळ होऊ द्या, सकाळी जाऊ. वैभव बांधावरून हाका मारून राहिला होता. मले आयकू येऊन राहिलं होतं. केसर घरी मरून राहिली होती, अन् मी इकडं डोळे बांधून राहिलो होतो. हात थांबूनच नाई राहिले."

केसरबाई म्हणजे प्रणालीची आई. आई अचानक गेली, एवढंच तिला सांगण्यात आलं होतं, आणि भाऊ वैभव त्या दिवसाबद्दल कधी एका वाक्यापुढे गेला नव्हता. तेव्हा प्रणाली मुंबईत होती, अशाच एका मेळाव्यात, दुसऱ्याच कुणाच्या फिल्मसाठी, गळ्यात कार्ड घालून. नऊ वर्षांनी तिला आईच्या मरणाची खरी हकीकत व्ह्यू-फाइंडरमधून कळली. त्या क्षणी तिनं काय करायला हवं होतं हे शेंबडं पोरही सांगेल. कॅमेरा खाली ठेवायचा, वाफ्यात उतरायचं, बापाच्या शेजारी बसायचं. ती बसली नाही. तिनं फोकस तपासला. बापूजींच्या अंगठ्यावरची चीर, त्यात बसलेली काळी माती, आणि न थांबणारे हात, सगळं नीट मिळतंय ना, ते पाहिलं. शॉट मिळाला, असं तिच्या मनात आलं. लाज त्यानंतर आली, पण आधी ते आलं.

हीच तीन मिनिटं तिनं मुंबईच्या मेळाव्यात दाखवली. वातानुकूलित हॉल, चाळीस-पन्नास माणसं, सगळी मराठी सिनेमाची. 'केसर घरी मरून राहिली होती' हे वाक्य आलं आणि हॉल हसला. दुष्टपणानं नव्हे. मुद्दामही नव्हे. वर्षानुवर्षं त्या बोलीत त्यांनी फक्त विनोदी नोकर आणि बावळट हवालदार ऐकले होते, 'राहिली' म्हटलं की हसायचं अशी कानाला सवय लागून गेली होती, आणि कान डोक्याला न विचारताच हसले. पुढच्या क्षणी काही जण वरमलेही. पण तोवर जे व्हायचं ते झालं होतं, कारण प्रणालीही हसली होती. अगदी थोडंसं, ओठांच्या कोपऱ्यात, यजमानीण पाहुण्यांबरोबर हसते तसं. आईच्या मरणावर, बापाच्या तोंडून आलेल्या वाक्यावर ती हसली, कारण सगळे हसत होते आणि तिला त्यांच्यात बसायचं होतं. हे कुणी पाहिलं नाही. आजवर तिनं हे कुणाला सांगितलेलं नाही.

चहाच्या वेळी एकानं मायेनं खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, विषय फार मोठा आहे, पण त्या भाषेनं हलका होतोय, आवाज बदलून बघ. तिनं बदलला. पुण्याचा ऋषिकेश नावाचा नट, आवाज असा की बँकेचा फॉर्म वाचला तरी डोळ्यांत पाणी यावं. तो स्टुडिओत उभा राहिला आणि एका टेकमध्ये म्हणाला, "केसर घरी मरत होती, आणि मी इथे डोळे बांधत होतो. हात थांबत नव्हते." व्याकरणाच्या दृष्टीनं नाव ठेवायला जागा नव्हती. फक्त त्यातली केसर पटकन मरत होती. बापूजींच्या वाक्यात ती मरून राहिली होती, नऊ वर्षं मरतच होती. पण हे कळायला कान गावचे हवेत, आणि ते प्रणालीनं कधीच उतरवून ठेवले होते. फिल्म चालू लागली. कोचीला एक समीक्षक बाई म्हणाल्या, हा आवाज म्हणजेसुद्धा एक कलमच नाही का, एका खोडावर दुसऱ्याचा डोळा! प्रणालीला ते इतकं आवडलं की पुढच्या चार मेळाव्यांत तिनं ते स्वतःचं म्हणून सांगितलं.

बापूजींना तिनं फोनवर कळवलं, की तुमचा आवाज नीट आला नाही, माइक बिघडला होता, म्हणून दुसऱ्या माणसाचा घातला. ते म्हणाले, "त मंग मी पुन्हा बोलतो ना. त्याच्यात काय हाय? तू ये, मी पुरं पहिल्यापासून सांगतो." ते सगळं पुन्हा सांगायला तयार होते. हाका, साल, केसर, सगळं. ती म्हणाली, वेळ नाही बाबा. पुढे संक्रांतीला तिनं बोरगावात वैभवच्या टीव्हीवर फिल्म लावली. शेजारपाजारची दहा-बारा माणसं दाटीवाटीनं बसली. पडद्यावर बापूजींनी तोंड उघडलं आणि भलताच माणूस बोलू लागला. म्हाताऱ्यानं एकदा टीव्हीकडे पाहिलं, एकदा मुलीकडे. मग पडद्यावरच्या आपल्याच ओठांकडे बघत स्वतःचे ओठ हळूहळू हलवले, ते शब्द कसे बसतात ते पाहिल्यासारखे. फिल्म संपल्यावर तेच आधी म्हणाले, "चांगलं झालं. मानूस शुद्ध बोलते." माइकबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. माइक बिघडला असता तर पाखरांचे आवाज कसे आले, बांधावरच्या कुत्र्याचं भुंकणं कसं आलं, हे त्यांनी विचारलं नाही. तिच्याशी त्यांनी आपल्या बोलीत उच्चारलेलं ते शेवटचं वाक्य होतं, हे आज, या लॉनवर, तिनं बोटांवर मोजून नक्की केलं.

"तुझा कार्यक्रम किती वाजता आहे?" बापूजींनी विचारलं.

"चार वाजता." ती त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. हिमानी, करार, फिल्म, सगळं एकाएकी फार लांब गेलं. तिला एकच गोष्ट हवी होती. या माणसानं आपल्याशी पुन्हा स्वतःच्या तोंडानं बोलावं, शिवी दिली तरी चालेल. धीर करून ती म्हणाली, "बाबा, तुमी माह्याशी असे काऊन बोलून राहिले?" आणि म्हणता म्हणताच तिला स्वतःचा आवाज ऐकू आला. शब्द बरोबर होते, पण सूर कुठल्यातरी नाटकातल्या नोकराचा होता. वीस वर्षं गच्चीवर दबकून वापरलेली भाषा उजेडात आणली तर ती नक्कल वाटत होती. बापूजींनाही ते कळलं असणार. ते हसले, पाहुण्याच्या मुलाकडे बघून हसतात तसे.

"कसे बोलतो? नीटच बोलतो आहे."

"मी आज तुमचा आवाज लावणार आहे. खरा. माझ्याकडे आहे तो." हे ती आपल्या रोजच्या भाषेत म्हणाली, दुसरी येत नव्हती.

बापूजींनी टोपलीतलं एक संत्रं उचललं, देठाकडून पाहिलं, परत ठेवलं. "नको," ते म्हणाले. "तोच आवाज असू दे. त्या गृहस्थांचा आवाज चांगला आहे. इथे मोठी माणसं आली आहेत. उगीच कोणी हसलं तर तुला वाईट वाटेल."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. मुंबईत हॉल हसला हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण आवाज का बदलला हे ते पहिल्या दिवसापासून समजून होते. प्रणालीला म्हणायचं होतं, हसणाऱ्यांत मीही होते. ते तिच्या ओठांवर आलं होतं. पण तेवढ्यात संयोजक तिला शोधत आले, लॅपटॉप जोडायचा होता, आणि ती उठली.

चार वाजता महिरपीखाली उभं राहून तिनं फार काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, की पडद्यावर आहेत ते माझे वडील आणि हा त्यांचा आवाज आहे. मग तिनं मूळ ध्वनी लावला. पुढच्या रांगांत मुंबई, भोपाळ, इंदूर. मागे गावची मंडळी, बायका, मास्तर, मंडपवाले, जेवणाची भांडी घेऊन आलेले लोक. 'मले आयकू येऊन राहिलं होतं' इथे पुढच्या रांगेत कुणाच्या तरी नाकातून हसू निसटलं. ते तिथेच विझलं, कारण मागच्या रांगा इतक्या गप्प होत्या की हसणाऱ्याला पाठीत ते जाणवलं असावं. 'केसर घरी मरून राहिली होती' हे वाक्य आलं तेव्हा मागून एका बाईचा "अगं माय वो" असा दबका आवाज आला. इथे कुणाला अर्थ लावावा लागत नव्हता. इथे प्रत्येकाच्या घरचं माणूस असंच मरून राहिलं होतं. दिवे लागले तशी हिमानी डोळे पुसत स्टेजजवळ आली. "अगं, हे सोनं आहे! हा आवाज का बदलला होतास? आता बोलीभाषेलाच मागणी आहे. हाच ठेवू, आम्ही घेतो ही फिल्म." तीन वर्षं जे शब्द ऐकायला प्रणाली गावोगाव हिंडली ते शब्द हेच. तिनं मान हलवली, आभार मानले, आणि हिमानीच्या खांद्यावरून मागच्या रांगांत शोधलं. बापूजींची खुर्ची रिकामी होती.

ते फिल्म सुरू व्हायच्या आधीच उठून गेले होते, असं शेजारच्या बाईनं सांगितलं. लोक हसतील तेव्हा आपण समोर नको, असं वाटलं असणार. प्रणाली खुर्च्यांमधून वाट काढत फाटकाकडे निघाली. वाटेत चार जणांनी हात मिळवला, दोघांनी कार्ड दिलं. फाटकाच्या भिंतीआड तिगावचा म्हातारा चौकीदार स्टुलावर बसला होता आणि त्याच्यासमोर बापूजी उकिडवे बसले होते, वाफ्यात बसायचे तसे, धोतर गुडघ्यावर घेऊन, हात हवेत नाचवत. तिनं तो आवाज भिंतीअलीकडूनच ओळखला आणि पाय थांबले.

"...आता तूच सांग बाप्पा, पोट्टी एवढी मोठी झाली, बंबईच्या लोकायत उठून-बसून राहिली. माह्या बोलन्यापाई तिची मान खाली जाऊन राहिली असन, त मीच सुदरलो पायजे का नाई? वैभवची श्रुती चौथीत हाय. रोज संध्याकाळी शिकवते मले. 'देत आहे' म्हना आबा, 'जात आहे' म्हना. पाटीवर लिहून देते. या उमरीत शिकून राहिलो, काय करतं! जीभ वळूनच नाई राहिली पहिले. आता जमते. पन तिच्यासंग बोलतो ना, त मनातलं काईच याद नाई येत लेका. आधी वाक्य जमवा लागते, तोपर्यंत तिचा फोन ठिवाचा टाइम होते."

चौकीदार मोठ्यानं हसला, बापूजीही हसले, मोकळं, मान मागे टाकून. किती दिवसांनी तिनं ते हसणं ऐकलं. तिनं भिंतीला हात टेकला. पुढे जाऊ नये, इथंच उभं राहून ऐकत राहावं, ते बोलताहेत तोवर, असं तिला फार वाटलं. पण मागून कुणीतरी तिचं नाव घेऊन अभिनंदन केलं आणि बापूजींनी वळून पाहिलं.

ते लगबगीनं उठले. गुडघ्यावरचं धोतर खाली सोडलं, स्वेटर ओढून नीट केला. क्षणभर थांबले. वाक्य जमवत होते.

"झालं का तुझं काम?" त्यांनी विचारलं. "आपण आता निघूया का?"

तिला 'हाव बाबा' एवढंच म्हणायचं होतं.

"हो," ती म्हणाली, "निघूया."